उकड्या तांदळाच्या अक्षता

मी घरकाम करणारा नवरा आहे, असं मी बरीच वर्षं समजत होतो. नुसता समजत नव्हतो, चारचौघांत सांगतही होतो. सकाळचा चहा मी करतो, जेवणानंतरची भांडी मी घासतो, रविवारी मासळी मी आणतो आणि साफही मीच करतो. आमच्या डिलाईल रोडच्या चाळीत वडिलांच्या पिढीतल्या एकाही पुरुषाने स्वतःचं उष्टं ताट उचलून मोरीत नेल्याचं मला आठवत नाही. त्या मानाने मी म्हणजे फारच पुढे गेलेला माणूस. बायको महापालिकेच्या शाळेत शिकवते. तिच्या मैत्रिणी घरी आल्या की मी मुद्दाम ओट्यापाशी उभा राहून कांदा चिरायचो. त्या म्हणायच्या, "नशीब काढलंस गं." बायको नुसती हसायची. त्या हसण्याकडे मी तेव्हाच नीट बघायला हवं होतं.

गेल्या वर्षी आम्हाला नव्या घराची किल्ली मिळाली. चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहिला होता आणि तो होईपर्यंत आई, बायको आणि मी जवळच दोन भाड्याच्या खोल्यांत सात वर्षं काढली होती. वडिलांनी गिरणीत असताना घेतलेल्या दहा बाय बाराच्या खोलीचं हे घर. बघायला ते नव्हते. वैशाखातला मुहूर्त निघाला आणि वास्तुशांतीची तयारी सुरू झाली.

तयारी म्हणजे काय, ते मला एका रविवारी सकाळी कळलं. बायको जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर काहीतरी लिहीत बसली होती. मी चहाचा कप तिच्यापुढे ठेवला आणि मोठ्या मनाने म्हणालो, "मला सांग ना काय काय करायचं ते. मी करतो."

तिने पेन खाली ठेवलं.

"हेच," ती म्हणाली. "सांगायचं कोणी?"

"म्हणजे?"

"भांडी ओट्यावर दिसतात म्हणून तू घासतोस. आईंची बीपीची गोळी परवा संपणार आहे, ते दिसत नाही. तुझ्या मामांच्या वर्षश्राद्धाला मामींना फोन करायचा असतो, तो दिसत नाही. तुझ्या बहिणीला..." ती थांबली.

"ताईला काय?"

"काही नाही."

"बरं मग, यादी दे. सगळं करतो."

"अरे, यादी करणं हेच तर काम आहे. ती झाली की उरते ती नुसती हमाली."

हमाली हा शब्द मला लागला. इतक्या वर्षांच्या चहाची आणि भांड्यांची ही किंमत. माझा स्वभाव असा की टोमणा बसला की मी लगेच अंगावर काहीतरी ओढवून घेतो. मी म्हणालो, "ठीक आहे. माझ्याकडच्या माणसांची सगळी आमंत्रणं माझ्याकडे. तू त्यात लक्षसुद्धा घालायचं नाहीस."

तिने चहाचा कप बाजूला सरकवला. "नक्की? मी आठवण करणार नाही. आणि चुकलास तरी सांगणार नाही."

"नक्की," मी म्हणालो.

त्यात काय आहे, असं मला मनापासून वाटत होतं. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी मोबाइलवर एक छान कार्ड बनवलं. वर गणपती, तो कान हलवायचा. खाली तारीख, वेळ, मजला, लिफ्ट कुठली ते. 'परिवार' नावाचा आमचा ग्रुप आहे, त्यात मुंबईची, गावची मिळून चाळीसेक माणसं. त्यावर ते टाकलं. चार मिनिटांत काम संपलं. बघता बघता हात जोडलेले, फुलांचे गुच्छ, अंगठे यायला लागले. बायका ज्याचं एवढं ओझं करून ठेवतात ते काम मी डाळ-भात संपायच्या आत उरकलं होतं. घरी जाऊन मी तसं म्हटलंसुद्धा. बायको म्हणाली, "बरं." एवढंच.

आईने दोन दिवसांनी विचारलं. आई सत्तरी ओलांडलेली, पंचावन्न वर्षं मुंबईत राहून मालवणीच बोलणारी.

"बायेक आमंत्रण दिवन इलंस?"

बाय म्हणजे माझी थोरली बहीण. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, लालबागला दिलेली. आमच्या घरापासून करी रोडचा पूल ओलांडला की तिचं घर, चालत पंधरा मिनिटं.

मी आईला मोबाइल दाखवला. कान हलवणारा गणपती आईने डोळ्यांजवळ धरून बघितला. मग मोबाइल मला परत देत म्हणाली, "देवाकय ह्याच्यारच सांगलंस काय?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्यात पहिलं आमंत्रण देवाला आणि दुसरं घरच्या लेकीला. देवाचं आईने आधीच आटपलं होतं, प्रभादेवीला जाऊन सिद्धिविनायकापुढे नारळ ठेवून आली होती. लेकीला घरी जाऊन, हळद-कुंकू लावून, हातावर अक्षता ठेवून बोलवायचं. शिवाय आमच्या घराची रीत अशी की नव्या घरात पाण्याने भरलेला कलश घेऊन पहिल्यांदा लेक शिरते आणि बाकीचे तिच्या मागून. म्हणजे जिच्याशिवाय कार्य सुरूच होत नाही तिला मी, गावच्या सोसायटीच्या चेअरमनबरोबर, एकाच दमात ढकललेलं कार्ड पाठवलं होतं. ग्रुप उघडून बघितला. ताईने कार्ड बघितलं होतं. अंगठा नव्हता, फूल नव्हतं, काही नव्हतं.

"माजी बाय इली नाय तर मी उंबरो वलांडूचंय नाय," आईने जाहीर केलं आणि ती जप करायला बसली. आईचा शब्द म्हणजे सुप्रीम कोर्ट. त्यावर अपील नाही.

मी ताईला फोन लावला. भावोजींनी उचलला. "ती जरा बाहेर गेलीय," ते म्हणाले. मागून मालिकेचा आवाज येत होता, आणि त्या आवाजावर ताण करून ताई भावोजींना सांगत होती, "बाहेर गेलीय म्हणून सांगा." दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला. ती पुन्हा बाहेर गेली होती. तिसऱ्या दिवशी भावोजीच दमले. म्हणाले, "अरे, मला का मध्ये घेता? मला दोन्हीकडे जेवायचं असतं."

मग मी तेच केलं जे मी लग्नानंतर अठरा वर्षं करत आलो होतो. बायकोकडे गेलो.

"तू एकदा बोल ना ताईशी. ती तुझं ऐकते."

"मी फोन केला तर त्या येतील," बायको म्हणाली. "नक्की येतील. पण माझ्याकडे येतील. घर तुझ्या वडिलांच्या खोलीचं आहे आणि बहीण तुझी आहे."

हे ती बोलत होती तेव्हा तिच्या हातात फोन होता आणि त्यावर ताईचा नंबर उघडलेला मला दिसला. मुहूर्त आठ दिवसांवर आला होता. तिने फोन बंद केला आणि फ्रिजवर पालथा ठेवून दिला. सगळं निस्तरून टाकायला तिचे हात शिवशिवत होते. न निस्तरता गप्प बसणं तिला किती जड जात असेल, ते त्या क्षणी मला जरासं कळलं. मला मात्र रागच आला, कारण माझी सुटका हुकली होती.

रविवारी सकाळी मी ठरवलं की जायचं. आई शेजारी गेली होती, बायको भाजी चिरत होती. कोणाला काही विचारायचं नाही असा माझा बाणा. अक्षता करायच्या म्हणजे तांदळाला कुंकू लावायचं, एवढं मला ठाऊक होतं. डब्यात तांदूळ दोन होते. एक रोजच्या भाताचा, बारीक, दुकानातला. दुसरा आईच्या पेजेचा, गावाहून येणारा लालसर उकडा. मी विचार केला. हो, विचार केला, ते महत्त्वाचं आहे. घरच्या लेकीला द्यायच्या अक्षता दुकानातल्या तांदळाच्या कशाला? आपल्या मातीतला तांदूळ घ्यावा. टपोरा, मानाचा. वाटीत मूठभर उकडा घेतला, कुंकू घातलं, थोडं पाणी घातलं, थोडं जास्तच पडलं. बायकोची विळी थांबली. ती उठली आणि आतल्या खोलीत गेली. आतून ठसका लागल्यासारखा आवाज आला. मी म्हटलं, "पाणी पी."

अक्षता कागदात बांधल्या, कुंकवाची डबी आणि नारळ पिशवीत घातला आणि निघालो. पूल ओलांडून लालबागला उतरलो तेव्हा वाटलं, ताईच्या आवडीचं काहीतरी न्यावं. चिवड्याच्या दुकानांसमोर उभा राहिलो. तिला काय आवडतं? गोड की तिखट? मला आठवेना. शेवटी बायकोला फोन लावला.

"ताईला काय आवडतं गं?"

"मला माहीत आहे," बायको म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

मी तिथेच रस्त्याच्या कडेला थांबलो. सगळीकडे भाजलेल्या मिरच्यांचा आणि धण्यांचा वास सुटला होता, मसाल्याचे दिवस होते ते. लहानपणी ताई मला हाताला धरून शाळेत न्यायची. माझी गृहपाठाची वही कुठे असते ते मला नाही, तिला माहीत असायचं. मला वांगं आवडत नाही हे आईला जेवायच्या आधी तीच सांगायची. म्हणजे माझ्या डोक्यात ठेवायच्या गोष्टी आधी तिच्या डोक्यात होत्या, मग माझं लग्न झालं आणि त्या बायकोच्या डोक्यात गेल्या. माझं डोकं तेवढं बारा महिने मोकळं. आणि त्यातल्या एकीला काय आवडतं हे मला सांगता येत नव्हतं. माझी मलाच लाज वाटली. मी काही न घेता पुढे गेलो.

ताई जुन्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहते. गॅलरीत जुन्या लुगड्यावर लाल मिरच्या पसरून ती देठं काढत बसली होती. मला बघून म्हणाली, "ये." भावोजींनी माझा चेहरा बघितला, तिचा बघितला, चपला पायात सरकवल्या आणि ते "खाली जाऊन येतो" म्हणून गेले ते गेलेच. ताईने पाणी दिलं. चहाचं विचारलं नाही. मी समोर बसलो आणि काय बोलावं ते न कळून मिरचीची देठं काढायला लागलो.

"कार्ड मिळालं," ती म्हणाली. "छान होतं. गणपतीचे कान हलत होते."

"ताई, चुकलं माझं."

ती देठं काढत राहिली. मी पिशवीतून कुंकवाची डबी काढली. आमच्यात हे बायकांनी बायकांना लावायचं, त्यामुळे लावू की नुसती पुढे धरू तेच मला समजेना. डबी धरून बसलो. तिने हात पुसला, स्वतःच बोट बुडवून लावून घेतलं. मग मी कागद उघडला आणि तिच्या हातावर अक्षता ठेवल्या. म्हणजे अक्षतांचा एक गोळा ठेवला.

ताईने गोळ्याकडे बघितलं. एक दाणा सुटा केला. नखाने दाबला.

"हा उकडा आहे."

"हो," मी म्हणालो. "गावचा. मुद्दाम घेतला."

"अक्षतांना उकडा?" ती म्हणाली. "अरे मेल्या, अक्षता कच्च्या तांदळाच्या असतात. हा आधीच एकदा शिजून आलाय. वास्तुशांतीला बोलावतोयस की पेज प्यायला?"

आणि ती हसायला लागली. आधी तोंडावर पदर धरून, मग पदर सोडून. डोळे पुसायची, गोळ्याकडे बघायची आणि पुन्हा हसायची. शेजारच्या काकू बाहेर आल्या, तर त्यांनाही तिने गोळा दाखवला. त्याही हसल्या. मीही हसलो, दुसरं काय करणार.

काकू आत गेल्यावर ती एकदम थांबली. "तुझ्या बायकोने बघितल्या या?"

"घरातच होती ती."

"आणि काही बोलली नाही?"

"नाही."

"म्हणजे या तुझ्या तू केल्यास."

"हो."

ताई उठली. तो गोळा तिने तसाच कागदात बांधला आणि देव्हाऱ्यात नेऊन ठेवला. परत येऊन बसली तेव्हा तिचा आवाज बदलला होता.

"भाऊबीजेची साडी दर वर्षी माझ्या आवडीच्या रंगाची येते, तेव्हाच कळतं ती तू घेतलेली नाही. सणाला फोन येतो तो तिचा. मी आजारी पडले की डबा येतो तो तिचा. या मिरच्यांतल्या अर्ध्या तुझ्या घरच्या आहेत, दर वर्षी मसाला आम्ही दोघी मिळून करतो. अठरा वर्षं मला भाऊ म्हणून तीच आहे रे. ते कार्ड आलं आणि मला कळलं की हे मात्र तू केलंस. म्हटलं, हिच्याशिवाय हा असाच आहे तर."

 तरी मी बोललोच, कारण गप्प बसणं मला जमत नाही. "तू मला सांगायचंस ना ताई. काही लागलं तर हक्काने सांगायचंस."

तिने एक मिरची उचलली, देठ काढलं, बाजूला ठेवलं. "गेल्या श्रावणात छातीत गाठ लागली होती. साधी निघाली. पण आठ दिवस परळला तपासण्या चालल्या होत्या. तुझी बायको रजा टाकून रोज माझ्याबरोबर बसायची."

"मला कोणी सांगितलं नाही."

"तिने सांगितलं होतं तुला."

आणि मला आठवलं. जेवताना बायको म्हणाली होती, "ताईंचा रिपोर्ट चांगला आला." मी म्हणालो होतो, "अरे वा, बरं झालं," आणि आमटी वाढायला सांगितली होती. कसला रिपोर्ट, हे विचारायचंसुद्धा मला सुचलं नव्हतं.

मला रडू आलं. हात डोळ्यांना लावला तर हात मिरचीचे. मग जे काय झालं ते सांगण्यात अर्थ नाही. ताईने मला लहानपणी धुवायची तसं मोरीपाशी वाकवून, मान धरून, डोळे धुतले, तोंडाने शिव्या चालूच. मग चहा केला. निघताना म्हणाली, "येते. कलश मीच धरणार. आणि अक्षतांचं सगळ्यांना सांगणार."

घरी आलो तेव्हा माझे डोळे टोमॅटोसारखे लाल. बायको दारातच उभी होती. "येतेय," मी म्हणालो. तिने मोठा श्वास सोडला.

"उकडा घेतोय ते तुला दिसलं होतं ना?" मी विचारलं.

"हसू आवरेना म्हणून आत गेले होते."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर त्या माझ्या अक्षता झाल्या असत्या," ती म्हणाली आणि मला डोळ्यांत घालायला दूध आणून दिलं.

वास्तुशांत थाटात झाली. ताई कलश घेऊन पुढे, आई तिच्या मागे, आम्ही आईच्या मागे. उंबरठ्यावर ताई क्षणभर थांबली, बाबांचं नाव घेतलं आणि उजवा पाय आत टाकला. अक्षतांची गोष्ट तिने शब्द दिल्याप्रमाणे सगळ्यांना सांगितली. गुरुजींना सांगितली तेव्हा ते मंत्र म्हणता म्हणता मध्येच हसले, आणि पूजा पाच मिनिटं थांबली. गावचे लोक अजून मला फोनवर विचारतात, यंदा उकडा किती पिकला.

त्यानंतर दर रविवारी मी ताईला फोन करायला लागलो. पहिल्या रविवारी तिने घाबरून विचारलं, "कोण गेलं?" दुसऱ्या रविवारी काय बोलावं ते सुचेना, म्हणून सकाळी दहाला विचारलं, जेवलीस का. हळूहळू जमायला लागलं. तिला डिंकाचे लाडू आवडतात, कुणी आवाज चढवला की डोकं दुखतं, भावोजींचं घोरणं आता पूर्वीइतकं खटकत नाही, असं एकेक कळत गेलं. सगळं जमलं असं मात्र नाही. मामींना वर्षश्राद्धाचा फोन करायचा मी विसरलोच, आणि आईची गोळी एकदा संपली तेव्हा परळपर्यंत धावत जाऊन आणली. बायकोने दोन्ही वेळा तोंड घट्ट मिटून धरलं. तिचंही शिक्षण चालूच आहे.

त्याच वर्षी श्रावणात, एका मंगळवारी ऑफिसात असताना ताईचा फोन आला. ती कधी कामाच्या वेळात फोन करत नाही.

"वर्षाची तपासणी आहे गुरुवारी," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, कुणाला तरी बरोबर आणा. येशील तू?"

"येतो," मी म्हणालो. "किती वाजता निघायचं?"

संध्याकाळी घरी गेलो. बायको वाळलेले कपडे पलंगावर टाकून घड्या घालत होती. मी म्हणालो, "गुरुवारी मी रजा टाकलीय. ताईची तपासणी आहे, मी जातोय तिच्याबरोबर. मागचे रिपोर्ट तिच्याकडेच आहेत, उपाशीपोटी जायचंय, डबा मी घेईन."

तिचे हात थांबले. "मला नाही कळवलं त्यांनी."

"नाही. मला केला फोन."

"खरंच मला नाही केला?"

"नाही."

"मग गुरुवारी मी काय करू?"

"काही नाही," मी म्हणालो.

तिने हातातली उशीची खोळ खाली ठेवली आणि खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसली. ना फोन हातात घेतला, ना पेन. बाहेर बघत, काहीही न करता, ती बराच वेळ तशीच बसून होती. तिला असं बसलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.